लुगडं वाळलं का?

"आतल्या खोलीत दोरी बांधू नका," मुश्ताकभाऊ म्हणाले. "कपडे बाहेर वाळवा."

कॅम्पवर आलेल्या नव्या इंटर्न पोरांमधली खुशबू ओला टॉवेल हातात घेऊन उभी होती. तिनं "काऊन?" म्हणून विचारलं, आणि मुश्ताकभाऊंना तेवढंच हवं होतं. वनखात्याची जीप चालवून चालवून त्यांचे केस पांढरे झालेले. जेवणं झाली की या माणसाच्या तोंडाला कुलूप म्हणून लागत नाही. त्यात लाईट गेलेली. ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले, पोरं भोवती सरकली.

"भुताखेताचं मी काई सांगत नाई," ते म्हणाले. "हे रिनाचं हाये. तुमच्यासारखीच इंटर्न होती. पुराव्याच्या पाकिटावर पंच म्हणून माही सही हाये, म्हणून सांगतो."

तर ही रिना चामोर्शीची. वडील मास्तर. वन्यजीवांच्या गुन्ह्यांचा तपास कसा करतात ते शिकायला उन्हाळ्याभरासाठी इथे आली होती. काम म्हणजे केस, विष्ठा, रक्त, लाळ असं जे सापडेल ते गोळा करायचं, पाकिटात घालायचं, लाखेचं सील मारायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. पोरगी हुशार आणि तितकीच हट्टी. कॅमेऱ्यात येणाऱ्या एका वाघिणीवर आणि तिच्या दोन पिल्लांवर तिचा जीव जडला होता. सकाळी त्यांचे फोटो पाहिल्याशिवाय बाईसाहेब चहाला हात लावत नसत.

दोन वर्षांपूर्वीची बुद्ध पौर्णिमा. पहाटे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायनाबाईला वाघानं मारलं. गाव चिडलं. चिडणारच, घरातलं माणूस असं गेल्यावर कुणाला शहाणपण सुचतं? वाघीण त्याच भागात फिरते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तिच्यासाठी पिंजऱ्याची तयारी सुरू झाली. पण तिथे एक म्हातारा नरही नव्यानं आला होता. वाघिणीला नेलं असतं तर पिल्लं उपाशी मेली असती. बाईला कुणी मारलं हे फक्त लाळेवरून ठरणार होतं. तेवढ्यासाठी रिनाला गावात धाडलं, मुश्ताकभाऊंच्याच जीपमधून.

ती पोचली तेव्हा प्रेत दवाखान्यातून परत आलं होतं. जखमा तर बायकांनी सकाळीच धुऊन टाकलेल्या. अंगणात बायनाबाई कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती. उरलं होतं ते तिचं हिरवं लुगडं, दातांनी फाटलेलं, भिजलेलं. ते मांडीवर घेऊन तिची लेक गुणाबाई बसली होती.

"हे तिच्यासंगं मातीत जाते, बाई," गुणाबाई म्हणाली. "वाघानं मारलेल्या माणसाचं आमी मागं ठेवत नाई. ठेवलं तर मेलेलं माणूस ते मागाले येते. आन् एकटं येत नाई."

"एकटं नाई म्हणजे?"

गुणाबाईनं मान खाली घातली. नुसती लुगड्यावरून हात फिरवत राहिली.

"वाळलं की आणून देईन, मावशी," रिना म्हणाली.

पुराव्यातली चिंधीसुद्धा अशी परत देता येत नाही, हे रिनाला चांगलं माहीत होतं. पण तिला त्या घडीला पिल्लंच दिसत होती, आणि समोरच्याची समजूत काढताना माणूस काय वाटेल ते कबूल करतो. गुणाबाईनं लुगडं दिलं. बायनाबाईला त्या कोऱ्या कापडातच पुरलं.

आता ओलं कापड पाकिटात कोंबता येत नाही. बुरशी धरते, पुरावा नासतो. ते उन्हात न घालता बंद खोलीत वाळवायचं, मग कागदी पाकिटात भरायचं. म्हणून रिनानं याच आतल्या खोलीत दोरी बांधली, खाली खाकी कागद अंथरला आणि हातमोजे घालून लुगडं पसरलं. बुद्ध पौर्णिमेची रात्र म्हणजे पाणवठ्यांवर प्राणी मोजायची रात्र. झाडून सगळे गार्ड मचाणांवर गेलेले. मुश्ताकभाऊ त्यांना सोडायला गेले ते तिकडेच राहिले. कॅम्पवर एकटी रिना.

बराच वेळ काही झालं नाही. तिनं आईला फोन केला. आईनं खीर केली होती, ती कशी झाली ते सविस्तर सांगून पोरीला तरसवलं. लुगड्याचे काठ वाळत आले होते. सकाळपर्यंत होऊन जाईल, असं तिला वाटलं.

मग लाईट गेली.

चांदणं खिडकीतून आत आलं. दोरीवरच्या लुगड्याची सावली भिंतीवर पडली. दूर कुठेतरी चितळ ओरडलं. पुन्हा ओरडलं, जरा जवळून. मग रातकिडेही गप्प झाले.

"वाळलं का वो, बाई?"

आवाज खिडकीबाहेरून आला. म्हाताऱ्या बाईचा, दमलेला.

रिनाला वाटलं, गुणाबाई आली. "नाई वो मावशी," ती उठता उठता म्हणाली, "ओलं हाये अजून."

बोलून गेली, आणि तिथेच थिजली. गाव जंगलाच्या पलीकडे. या वाटेनं आज रात्री कोण येणार होतं... आणि गुणाबाईचा आवाज इतका म्हातारा नव्हता.

"थंडी वाजते वो."

वैशाखातली रात्र. रिनाच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

"या कापडानं जात नाई थंडी."

टप...

कागदावर काहीतरी पडलं. वाळत आलेले काठ गळत होते. टप... टप...

आणि वास आला. ऊन ऊन भाताचा, सुवासिक तांदळाचा. चूल तर केव्हाच विझलेली. जंगलात काम करणाऱ्याला हा वास सांगावा लागत नाही. वाघ झाडावर फवारा मारतो, तेव्हा असाच वास सुटतो.

खिडकीखाली कुणीतरी श्वास घेत होतं. मोठा. सावकाश. तो बाईचा नव्हता.

एकटं येत नाई...

रिनाला रडू फुटलं. लुगडं ओढावं, खिडकीतून बाहेर टाकावं आणि सुटावं. हात दोरीपर्यंत गेला. मग तिला पिल्लं आठवली. हात थांबला.

"मावशी," ती म्हणाली, "मी खोटं बोलली. हे परत देता येत नाई. हे गेलं तर वाघिणीले नेतील... लहान पिल्लं हायेत तिची. मले फक्त लाळ पाहिजे. दुसरं काई नको."

बाहेर काही नाही.

श्वासही थांबला.

"वाघीण नोती," आवाज म्हणाला. अगदी गजांपाशी.

मग...

मग काहीच नाही. रानकोंबड्यानं बांग दिली तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती, हातमोजे तसेच हातात. मुश्ताकभाऊ परत आले. लुगडं खडखडीत वाळलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत तिनं त्या हिरव्या लुगड्याची घडी घातली, पाकिटात सरकवली, लाख ओतली, सील दाबलं. त्यांनी सही केली. रात्रीचं तिनं सांगितलं ते पाकीट रवाना झाल्यावर, आणि मुश्ताकभाऊंनी तिला साफ वेड्यात काढलं.

इथवर सांगून मुश्ताकभाऊ पायरीवर मागे टेकले.

"मग?" खुशबूनं विचारलं. टॉवेल अजून तिच्या हातातच होता.

"मग काय, प्रयोगशाळेतून फोन आला. लाळ नराची निघाली. वाघिणीचा पिंजरा रद्द. ते पिल्लं आता मोठे झाले, तुमी पाह्यले असन कॅमेऱ्यात." मुश्ताकभाऊ आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत नव्हते. "फोनवरचा डॉक्टर मात्र तणतणून राह्यला होता. रिनाले म्हणे, एवढं शिकवूनही तुमाले समजत नाई काय?"

"काय समजत नाई?"

"सील जसंच्या तसं होतं. माही सही जशीच्या तशी. आत लुगडं नोतं. पांढरं, कोरं कापड होतं... मातीनं माखलेलं. लाळ त्याच्यावरच होती." ते थांबले. "तो म्हणे, ओलं कापड पाकिटात कोणी भरते काय?"