पेटीवाल्याला जामीन

"आभाळातून पडलेली पेटी... याच गावात हाय का?"

पोहरा ओढता ओढता पुष्पाने मान वळवली. धुळीने माखलेला, चष्मा नाकावर घसरलेला एक तरुण सायकल धरून विहिरीपाशी उभा होता.

"हाय की. पर आधी पानी प्या. पेटी कुठं पळून चालली?"

त्याने ओंजळ धरली. पुष्पाने जरा सढळ हातानेच ओतले. सदरा छातीपर्यंत भिजला.

"अहो, बास... बास!"

"लई तहानलेले दिसले, म्हून."

नाव मच्छिंद्र. मूळचा घनसावंगीचा, हैदराबादेत शिकला आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागला. एकोणसाठच्या वैशाखात त्यांनी सोडलेला मोठा फुगा वाऱ्याने भरकटला आणि शहागडजवळच्या या शिवारात येऊन फुटला. त्याला टांगलेली पेटी गावाने चावडीत कुलपात घातली. पुढे मृग कोरडा गेला, तेव्हा लोकांनी ठरवूनच टाकले, पाऊस या पेटीनेच अडवलाय! कुणी म्हणे, आत बॉम्ब आहे. गाव रझाकारीत होरपळलेले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

"खरंच काय हाय हो त्यात?" पुष्पाने विचारले.

"काचा. वरून बारीक कण सारखे पडत असतात, डोळ्याला दिसत न्हाईत. काचेवर त्यांची वाट उमटते."

"आत्ता बी पडून राह्यलेत?"

"आत्ता बी. मानसाच्या आरपार जातात."

"म्हंजी माझ्यातून निघून... तुमच्यात?"

मच्छिंद्रने चष्मा सावरला. तो पुन्हा घसरला. "एखादा... जातच असंल."

पुष्पा खळखळून हसली आणि त्याला स्वतःच चावडीची वाट दाखवायला निघाली.

चावडीत सगळा गाव लोटला होता. पुष्पाचे वडील रामकिसन पाटील यांनी बेलाचे पान आणि भंडारा पुढे सरकवला. या गावात बेलभंडार उचलून कुणी खोटे बोलत नसे.

"उचल. म्हन, ही पेटी पाऊस अडवत न्हाई, आन या विद्येतून कवाच बॉम्ब व्हनार न्हाई."

मच्छिंद्रने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"पावसाचं आत्ता उचलतो. पेटीत बॉम्ब न्हाई, ते बी उचलतो. पर या विद्येचं उद्या कोन काय करंल, हे मला ठावं न्हाई. ती शपथ मी घेनार न्हाई."

"बघा, चोराच्या मनात चांदणं!" गर्दीतून म्हातारा कडूबा ओरडला. "फोडा पेटी!" त्याने पहार उचललीसुद्धा.

दारात बायकांमध्ये उभी पुष्पा मनात चरफडली. येडा! एक शब्द खोटा बोलला असता तर सुटला असता. पण तो बोलला नाही, आणि तिला कळून चुकले की हा माणूस आपल्याला आवडलाय. लई आवडलाय.

ती सरळ आत गेली. "थांबा, कडूबाकाका. फसवायचं असतं तर हो म्हनून कवाच गेला असता. मी जामीन हाय त्याची."

चावडीतल्या साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. या गावात बाप लेकाला जामीन राही, भाऊ भावाला... आणि बाई राहिलीच, तर आपल्या नवऱ्याला! मागे कुणीतरी फिस्सकन हसले. आपण काय बोलून बसलो ते पुष्पाला उमगले. तिने शब्द मात्र मागे घेतला नाही.

"पोरी, पेटी न फोडता सोडली आन पाऊस न्हाई आला, तर गाव तुलाच बोल लावंल," रामकिसन हळू म्हणाले.

"लावू द्या, आबा."

त्यांनी लेकीकडे पाहिले. मग कुलूप काढले.

सडकेवर प्रयोगशाळेची जीप थांबलेली होती; गावापर्यंत गाडीवाट नव्हती, म्हणूनच मच्छिंद्र सायकलवर पुढे आला होता. पेटी जीपमध्ये चढली, जीप गेली. दिवस कलताना पुष्पा विहिरीवर आली, तर मच्छिंद्र काठावर बसलेला!

"तुमी गेले न्हाई?"

"माझ्यापायी तू गावाच्या बोलात अडकली. मी कसा जाऊ?" तो थांबला. "पाऊस येईस्तोवर मारुतीच्या देवळात राहीन. लोकांचं बोलनं दोघं मिळून ऐकू. आन पाऊस आला की... आबांकडं येईन. तुला मागायला."

पुष्पाने कोरड्या आभाळाकडे पाहिले. मग त्याच्याकडे.

"पावसाची वाट कशाला? आबा आत्ता घरीच हायेत."