सातशे बावीस किलोचा माणूस

“अक्षर हिचं आहे आणि डोकं तुझं आहे, ताई! मला काय दूधखुळा समजलीस?”

भावाने गृहपाठाचे कागद जेवणाच्या टेबलावर असे आपटले की पाण्याचा पेला कलंडला. पाणी वाहत वाहत ताईच्या मांडीवर आलं, तरी ती जागची हलली नाही. ज्याला तिने कडेवर खेळवलं, बापामागे बापासारखं वाढवलं, तोच आज तिच्यावर बोट रोखून उभा होता... आणि कशासाठी? तर जे तिने केलंच नव्हतं त्यासाठी!

“मी बिट्टीच्या वहीला वर्षभर हातसुद्धा लावलेला नाही,” ती म्हणाली. “तूच बजावलं होतंस ना, माझ्या मुलीला तू शिकवायचं नाहीस म्हणून? तोंडातून ब्रसुद्धा न काढता ऐकलं मी.”

“मग हे काय आहे? वाच!”

बिट्टी म्हणजे भावाची लेक, यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिची आई पदराने टेबल पुसायच्या निमित्ताने मान खाली घालून होती. ताईने चष्मा चढवला. साठ किलोचा एक माणूस वजनकाट्यावर उभा आहे, काटा लिफ्टमध्ये आहे, लिफ्ट वेग घेत वर निघाली आहे, तर काटा किती दाखवेल... नेहमीचंच गणित. पायऱ्या बिनचूक होत्या. पण शेवटी बिट्टीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काट्यावर ७२२ किलो. वर जाताना माणूस थोडा जडच भासणार. पटतं.’

“सातशे बावीस!” भाऊ कडाडला. “भौतिकशास्त्राच्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, अगं, हा माणूस आहे की हत्ती? आणि खाली ‘पटतं’! हिला एक पायरी समजावून सांगता आली नाही. ‘पटतं’ हा शब्द कुणाचा, ते मी सांगू? माझा सगळा जन्म तो वाचण्यात गेलाय!”

ते मात्र खरं होतं. उत्तर आलं की ते एकदा जगात ठेवून बघायचं, अशी ताईची पद्धत. चेंडूचा वेग काढला तर तेवढ्या वेगाने चेंडू जाईल का, क्षार तयार झाला तर तो चमचाभर आहे की पोतंभर, याचा विचार करायचा, आणि मगच शेवटी एक शब्द लिहायचा. पदवीच्या दुसऱ्या वर्षात वडील गेले आणि प्रयोगशाळेचा पांढरा कोट तिने घडी घालून ठेवून दिला, तो कायमचाच. पण ही सवय सुटली नाही. भावाची भौतिकशास्त्राची, रसायनशास्त्राची गणितं तिने सोडवली. तो नापास होत होत हिशेबशास्त्राकडे वळला, तेव्हा दिवसभर नोकरी करून तिने तेही पुस्तकातून शिकून घेतलं, घसारा आणि ताळेबंद पाठ केले आणि प्रत्येक गृहपाठाखाली ‘पटतं’ लिहून त्याला पदवीधर केलं. हाडाची काडं केली म्हणतात ना, ती अशी!

आणि आज त्याचाच पुरावा करून तिला चोर ठरवत होते. तळपायाची आग मस्तकाला गेली तिच्या! ती बोलायला उठणार, तेवढ्यात तिची नजर पुन्हा त्या ओळीवर गेली. ‘वर जाताना माणूस थोडा जडच भासणार...’

हे वाक्य तिचंच होतं.

गेल्याच आठवड्यात तिने ते लिहिलं होतं. दुपारी आपल्या खोलीत दार लोटून ती संगणकावर काम करते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण काय काम करते, हे आजवर एकानेही विचारलं नव्हतं. अडलेली मुलं एका अभ्यासाच्या ॲपवर मोबाइलवरून गणितं पाठवत, त्यांना नाव नाही की गाव नाही, आणि ताई ती सोडवून द्यायची. त्यातच हा लिफ्टमधला माणूस आला होता. तिने उत्तर लिहिलं होतं ७२.२. उतरवताना पोरीने मधलं टिंबच खाल्लं होतं!

म्हणजे... बिट्टी! आत्याकडे जायची बंदी झाली, म्हणून पोर मोबाइलकडे गेली, आणि मोबाइलच्या पलीकडे आत्याच बसली होती.

ताईला एकाच वेळी हसूही आलं आणि रडूही. “ऐक,” ती भावाला म्हणणार होती, “ज्या अभ्यासाच्या ॲपची वर्गणी तू हौसेने भरलीस ना, त्याच्या पोटात मीच आहे!” शब्द अगदी ओठांवर आले होते.

“बाई मला खोदून खोदून विचारत होत्या,” भाऊ बोलतच होता. “म्हणाल्या, घरच्या कुणी करून दिलं असेल तर ताकीद देऊन सोडू. पण उत्तरं विकत घेतली असतील तर शाळेचा नियम कडक आहे, परीक्षेला बसता येणार नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, विकत कशाला घ्यायला लागतंय, करून देणारी घरातच आहे आमच्या!”

ताईने बिट्टीकडे पाहिलं. पोरीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मिटायची तसेच.

ओठांवर आलेले शब्द ताईने गिळले. ते गिळताना किती यातना झाल्या, ते तिलाच ठाऊक! अपमान परवडला, वनवास परवडला, पण खोटा आरोप... तो स्वाभिमानी माणसाच्या काळजात काट्यासारखा रुततो. तरीही ती शांतपणे म्हणाली, “हे उत्तर माझंच आहे.”

खरं तर यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

“बघ! आलं ना तोंडून!” भावाने बायकोकडे पाहिलं. मग आवाज उतरवून, पाहुणीशी बोलावं तसा तो म्हणाला, “परीक्षा होईपर्यंत तू मामेबहिणीकडे जाऊन राहा, ताई. उद्या संध्याकाळी मी सोडतो.”

“अहो, असं काय...” वहिनी पुटपुटली.

“नको गं,” ताई उठत म्हणाली. “ओला पदर बदल आधी. मी काही कुकुलं बाळ नाही, की मला कुणाकडे ठेवायला न्यावं लागेल. माझी मी जाईन!”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बॅग भरली. भरताना ती एकटीच बडबडत होती, आणि तिची बडबड अगदी ऐकण्यासारखी होती! मोठा आला न्यायनिवाडा करणारा! पहिल्या नोकरीत साहेबाने यंत्राचा घसारा काढायला सांगितला, तेव्हा कार्यालयाच्या जिन्यातून फोन कुणाला केला होतास रे? पुढेही कित्येक दिवस रोज जेवणाच्या सुटीत कुणाला करत होतास? ताईला! तेव्हा ताईचं डोकं चालत होतं, आणि आता ते पोरीला विटाळ करतं काय?

साड्या झाल्या, औषधं झाली. जायच्या आधी हातातलं शेवटचं गणित पुरं करावं म्हणून ती संगणकापुढे बसली. कुणी अनोळखी मूल आम्ल आणि आम्लारी मोजताना अडलं होतं. राग कितीही असो, त्या मुलाचा त्यात काय दोष? ती लिहू लागली. मागे दार कधी उघडलं, ते तिला कळलंच नाही.

“आत्या, तू काल खोटं का बोललीस? मी तर...”

बिट्टीचं वाक्य अर्धवट राहिलं. तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावर तीच निळी चौकट होती, जी ती गेलं वर्षभर आपल्या मोबाइलवर पाहत आली होती. आणि चौकटीत अक्षरं उमटत होती: ‘म्हणजे साधारण अर्धी वाटी द्रावण लागेल. पटतं.’

“आत्या... ती तू आहेस?”

ताई वळली. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

“मीच गं बाई. सगळं सोडवून दिलं, तर तुला टिंबसुद्धा नीट उतरवता येऊ नये?”

बिट्टी मटकन खाली बसली आणि आत्याच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडू लागली. “मला वाटायचं, ‘पटतं’ ही सगळ्यांचीच लिहायची रीत असेल... आत्या, तू जाऊ नकोस! मी बाबाला सांगते.”

“खबरदार! तुझी परीक्षा जाईल.”

“जाऊ दे! तू जाण्यापेक्षा ती गेलेली बरी!”

संध्याकाळी भाऊ गाडीची किल्ली बोटावर फिरवत आला, तर दारात बॅग नव्हतीच. बॅग होती बिट्टीच्या हातात, आणि ती तिने छातीशी कवटाळली होती. रडत, अडखळत, पण एक शब्द न गाळता पोरीने सगळं सांगितलं. मोबाइल सांगितला, विकतची उत्तरं सांगितली, निळी चौकट सांगितली, आणि ती चौकट भरणारी आत्याही सांगितली.

भावाचा चेहरा मातीसारखा झाला. “ताई... मग काल गप्प का बसलीस?”

“कारण तू विचारलं नव्हतंस, निकाल दिला होतास!” ताईचा बांध आता फुटला. “वर्षभर मी तळमळतेय! शिकवू नकोस म्हणालास, का ते सांगितलं नाहीस. मला वाटलं, मी जुनाट झाले, निकामी झाले, घरातली अडगळ झाले! माझं सगळं तारुण्य ज्या गणितांत गेलं, ती गणितं माझ्याच पोरीपासून दूर ठेवायची? असा काय गुन्हा केला होता मी? आज मला त्याचं उत्तर हवंय!”

भाऊ खुर्चीवर बसला.

“मला काही येत नाही, ताई,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“हिशेब खात्याचा प्रमुख आहे मी. आणि अजून स्वतः काढलेला आकडा माझा मला खरा वाटत नाही. हाताखालच्या पोरांकडून पुन्हा पुन्हा तपासून घेतो, काहीतरी बहाणा करून. जिन्यातून तुला फोन करायचो ना, तेव्हा तुला काय वाटायचं?”

“मला... मला आनंद वाटायचा. माझ्या भावाला माझी गरज आहे म्हणून.”

“आणि मला जीव द्यावासा वाटायचा!” त्याचा आवाज फाटला. “लहानपणी मी एखाद्या पायरीशी अडलो, की तू हातातली पेन्सिल काढून घ्यायचीस. ‘दे इकडे, तू झोप.’ एवढ्या मायेने घ्यायचीस, की परत मागायची कशी ते मला कळायचं नाही. बिट्टीचं तसं होऊ नये, एवढंच वाटलं गं. पण हे तुला सांगायचं कोणत्या तोंडाने? जिने माझ्यासाठी जन्म जाळला, तिला सांगू, की त्यात माझंही काहीतरी जळलं?”

ताईने प्रत्युत्तराला तोंड उघडलं होतं. राग तर अजून पुरता निवलाही नव्हता. पण तिला ते इवलंसं, पेंगुळलेलं पोर आठवलं आणि त्याच्या मुठीतून सहज सुटून आलेली पेन्सिल आठवली.

“सांगायचं होतंस रे, वेड्या...” ती कशीबशी म्हणाली. “भांडायचं होतंस. ओरडायचं होतंस माझ्यावर.”

“कालच ओरडलो की,” तो म्हणाला, “पण चुकीच्या गोष्टीवर.” आणि एवढा मोठा प्रमुख तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. ताईने त्याचं डोकं जवळ घेतलं. वहिनीने डोळे पुसले आणि बिट्टीच्या मिठीतली बॅग सोडवून ती मुकाट्याने ताईच्या खोलीत ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी बापलेक शाळेत गेले. बिट्टीने बाईंना स्वतःच्या तोंडाने सगळं खरं सांगितलं. बाई खूप रागावल्या. तो त्यांचा हक्कच होता. मुख्याध्यापकांशी बोलून मग त्यांनी एक अट घातली: वर्षभराचा सगळा गृहपाठ बिट्टीने पुन्हा स्वतः करायचा आणि बाई बोट ठेवतील ते गणित त्यांच्यासमोर फळ्यावर सोडवायचं, तरच परीक्षेला बसू देऊ.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुन्हा तोच लिफ्टमधला माणूस उभा राहिला. बिट्टीने चित्र काढलं, बाण काढले आणि ती अडली. ती पेन्सिलीचं टोक चावू लागली. ताई समोरच बसली होती. तिचा हात आपोआप पुढे निघाला, अर्ध्या टेबलापर्यंत गेला... आणि भावाने तो पाहिला.

ताईने हात मागे घेतला. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ती त्यांवर बसली. जन्मात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं!

“आत्या, इथे बेरीज येणार की वजाबाकी?”

“सांगणार नाही,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “लिफ्ट निघते तेव्हा पोटात कसं होतं? पाय जमिनीत दाबल्यासारखे वाटतात की सुटल्यासारखे? ते आठव आणि तूच ठरव.”

बिट्टीने डोळे मिटले, आठवलं आणि लिहू लागली. भाऊ थोडा वेळ नुसताच बघत राहिला. मग त्याने मुलीच्या वहीतला एक कोरा कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि त्यानेही तेच गणित मांडायला घेतलं. तो खोडत होता, पुन्हा मांडत होता, घामाघूम होत होता; ताईकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. शेवटी आलेल्या उत्तराखाली त्याने एक रेघ ओढली आणि कागद बहिणीसमोर सरकवला.

७२.२.

खाली जागा रिकामी सोडली होती. ताई पेन घ्यायला वाकली, मग थांबली, आणि तिने कागद तसाच त्याच्याकडे परत सरकवला.

“तूच लिही,” ती म्हणाली.