पहिल्या रांगेतलं रिकामं स्टूल

त्या शनिवारी दुपारी शुभदा नेहमीसारखीच आपल्या लेकीला, इशिताला, पियानोच्या क्लासमधून आणायला भाईंदर पश्चिमेला गेली होती. फिलोमिना टीचरच्या घरात मेणबत्त्यांचा आणि ओल्या लाकडाचा वास असायचा. सूर चुकला की बोटांवर पट्टी बसायची. इशिता क्लासच्या नावानंच रडायची. पण शेजारच्या नीलिमाची मिनल जाते, मग आपली का नको, म्हणून शुभदानं तिला घातलं होतं.

"नाताळच्या कार्यक्रमाला एकच पोरगी वाजवनार," टीचर म्हणाली. "मिनल. तुमची बेबी अजून कच्ची हाय."

इशिताच्या फ्रॉकची मागची चेन तुटली होती. सकाळी लावून दिलेली सेफ्टीपिन शुभदा रिक्षात पुन्हापुन्हा चाचपत राहिली. गणपतीतही हेच झालं होतं. मिनलसाठी अख्ख्या सोसायटीनं टाळ्या वाजवल्या, आणि इशिताची बोटं अडखळली तेव्हा बायका आपापसात प्रसादाचं बोलू लागल्या. तो काटा अजून सलत होता.

घरी येताच इशितानं व्हीसीडी लावली. स्टेशनजवळच्या टपरीवरून आणलेला जुना, काळापांढरा इंग्रजी बालचित्रपट होता तो. बोलणं सगळं हिंदीत. त्यात एक दुष्ट पियानोमास्तर होता. त्याच्या महालात जिन्यासारखा वळत गेलेला लांबच लांब पियानो, आणि पुढे स्टुलांवर बसलेली मुलं. मास्तरला विचारल्याशिवाय कुणी उठायचं नाही. शेवटी मुलं गाणं म्हणत पळून जायची. पहिल्या रांगेतलं कोपऱ्यातलं स्टूल मात्र सुरुवातीपासूनच रिकामं असायचं.

"ते कुणाचं गं?" शुभदानं एकदा विचारलं होतं.

"कुणाचंच नाही. मास्तर शोधतोय अजून."

इतक्यात बेल वाजली. दारात नीलिमा.

"शुभदाताई, मिनलला ताप भरलाय हो. औषध चालू आहे, पण... जरा दृष्ट काढता? तुमच्या हातानं लगेच उतरते."

शुभदा गेली. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन मिनलवरून ओवाळू लागली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची..." पुढचा शब्द होता 'शेजारापाजाराची'. तो तिनं गिळला. का गिळला, ते तिचं तिला ठाऊक.

"गॅसवर टाकू?" नीलिमानं विचारलं.

"नको, पोरीला ठसका लागेल. मी माझ्याकडे जाळते."

पण घरी येऊन तिनं ते जाळलं नाही. कागदात गुंडाळून टीव्हीवर ठेवलं. चार दिवस मिनलची बोटं थांबली, तर असं काय बिघडलं? तेवढीच माझ्या लेकीला...

आणि लोडशेडिंग झालं. तिन्हीसांजेची वेळ. टीव्ही विझला, पंखा घरघरत थांबला.

पियानो मात्र वाजत राहिला.

शुभदा चाचपडत आतल्या खोलीत गेली. इशिता तिच्या छोट्या कीबोर्डपुढे ताठ बसली होती. अडखळणं नाही, चूक नाही. मिनलनं मान खाली घालावी असं वाजवत होती. शुभदाचा ऊर भरून आला. नीलिमाला ऐकू जावं म्हणून तिनं मुद्दाम बाहेरचं दार उघडं टाकलं.

बऱ्याच वेळानं ती टॉर्च शोधायला वळली आणि जागच्या जागी थिजली. टॉर्चमध्ये घालायला कीबोर्डचे सेल तिनंच सकाळी काढले होते.

"इशू... बास आता. दमशील."

बोटं थांबली नाहीत.

"उठू का?" इशितानं हळूच विचारलं.

"उठ ना गं, राणी."

"तुला नाही विचारलं..."

तिची नजर दारातून पलीकडे, टीव्हीच्या काळ्या काचेवर होती.

शुभदानं धावत जाऊन ती पुडी पेटत्या गॅसवर रिकामी केली. मिरच्या काळ्याठिक्कर झाल्या. पण ना धूर, ना ठसका. मीठसुद्धा तडतडलं नाही.

ती तशीच अनवाणी शेजारी धावली. "नीलिमा, माझ्या पोरीची तू काढ गं. मघाशी एक शब्द मी खाल्ला... शेजारापाजाराची. तेवढा नीट म्हण."

नीलिमानं तिच्याकडे पाहिलं. मग मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन आली.

"...भुताखेताची, शेजारापाजाराची," इशितावरून ओवाळत ती मोठ्यानं म्हणाली आणि बाहेर येऊन मूठ गॅसवर झटकली. मिरच्यांचा असा खाट उठला की दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं. आतलं वाजणं थांबलं. इशिता बाहेर आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेली. पलीकडून मिनलची हाक आली, "आई, भूक लागलीय."

"येते गं," म्हणत नीलिमा गेली. जाताना तिनं शुभदाकडे वळूनही पाहिलं नाही.

लाईट आले. टीव्ही आपोआप लागला. सिनेमाचा शेवट चालू होता. मुलं गात गात पळत होती. मागे स्टुलं रिकामी होत गेली.

कोपऱ्यातलं तेवढं रिकामं नव्हतं.

तिथे एक मुलगी पाठमोरी बसून वाजवत होती. फ्रॉकची चेन तुटलेली. मागे सेफ्टीपिन.

शुभदाचा हात मांडीवरच्या मुलीच्या पाठीवरून हळूहळू खाली गेला. पिन नव्हती. चेन मानेपासून कमरेपर्यंत धड होती.

पडद्यावरच्या मुलीनं मान वळवली. सगळा सिनेमा हिंदीत होता. ती मात्र मराठीत बोलली.

"आई... मी उठू का गं आता?"