लाल घळीतून कोण आलं?

"घाबरून त्याचा जीव जिथे राहिला असेल तिथे जा. त्याच्या अंगावरचं कापड घे. नाव घेऊन हाक मार. आणि घरी येईपर्यंत मागे वळून बघू नकोस."

हे माझ्या आईचे शब्द. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून कानात आहे.

मी रोज पहाटे देवमातेपुढे मेणबत्ती लावते, जपमाळ ओढते, शुक्रवारी मांस खात नाही. खोटं बोलून मला काही मिळवायचं नाही. जे झालं तेच सांगते. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

आमचं गाव तिल्कारा शहराच्या वर, कोरड्या डोंगरात. माझा धाकटा भाऊ देल्फिन राजधानीकडच्या पाहुण्यांना लाल घळीत फिरवायचा. कधी पायी, कधी सायकलवर. घरातून निघाला की वळणापर्यंत त्याची शीळ ऐकू यायची.

ऑगस्टमधल्या, आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या त्या शुक्रवारी मी माळ घेऊन बसले होते. तो सायकल काढता काढता म्हणाला,

"पाद्रीणबाई, दोन मणी माझ्या नावाने पण ओढ. ब्रेक जुने झालेत!"

"ब्रेक बदल, मेल्या. देवमाता काय मेकॅनिक आहे?"

तो हसत गेला.

संध्याकाळी पाहुण्यांनी त्याला धरून आणलं. घळीच्या उतारावर सायकल घसरली होती. हाड मोडलं नव्हतं. रक्तही नव्हतं. एका बाजूला नुसतं खरचटलं होतं.

पण तो बोलेना.

भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लोक्रो आवडीचा, मका-भोपळा शिजवून मऊ केलेला... तोंडात घातला की ओठांवाटे बाहेर यायचा. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. आणि माझा भाऊ दिवसेंदिवस विझत चालला होता.

शेजारच्या फेर्मिनाकाकूंनी एकदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"निकासिया, हा इथे नाहीच गं. ऑगस्ट आहे. धरणीचं तोंड उघडं असतं, भुकेली असते ती. याला तिथेच ठेवून घेतलंय. जा, हाक मारून आण. नाहीतर महिनाभरात खांदा द्यावा लागेल."

तो पडला त्या दिवशी त्याच्या अंगात होता तोच शर्ट मी घेतला. पिवळा. अजून धूळ होती त्याला.

ऊन कलताना घळीत पोचले. दोन्हीकडे लाल कडे, वर उभी निवडुंगं, माणसं रांगेत उभी राहावीत तशी. धरणीला कोकाची पानं वाहिली. शर्ट हवेत हलवला.

"देल्फिन! चल, घरी चल! इथे राहू नकोस!"

काही नाही.

पुन्हा हाक मारली.

मग वारा थांबला... ऑगस्टमध्ये आमच्याकडे वारा कधी थांबत नाही.

मागे खडी वाजली.

मी शर्ट छातीशी धरला आणि घराकडे वळले. मागून पावलं येत होती. आणि पावलांबरोबर अजून काहीतरी...

टिक... टिक... टिक...

कुणी सायकल हाताने ढकलत चाललं की चाक वाजतं, तसं.

सायकल तर घरी अंगणात होती. चाक वाकलेली.

मान वळवायची फार इच्छा झाली. वळवली नाही. "नमो मारिया" म्हणत चालत राहिले. उंबऱ्याशी आवाज बंद झाला. शर्ट देल्फिनच्या अंगावर पांघरला.

त्याने डोळे उघडले.

उठून बसला. वाटीभर लोक्रो खाल्ला, अजून मागितला. मी देवमातेपुढे लोटांगण घातलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "बाई, जरा मीठ द्याल का?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. हसले मी.

तो हसला नाही.

त्याने चमचा डाव्या हातात धरला होता.

नेहमीसारखी चघळायला कोकाची पानं दिली तर वास घेऊन बाजूला ठेवली. शीळ तर एकदाही नाही. दिवसभर दारात बसून खालच्या रस्त्याकडे बघायचा. एकदा हळूच विचारलं,

"इथून राजधानीची बस कुठे मिळते?"

याच गावात जन्मलेला माणूस, हो!

माझ्याबरोबर आमचं धुणं वाळत घालताना फेर्मिनाकाकू थबकल्या. हातात तो पिवळा शर्ट.

"तू... हा नेला होतास?"

"अंगावर होता ना त्याच्या."

"अंगावर होता, पण त्याचा नव्हे गं! वरच्या काट्यांत अडकलेला मिळाला होता त्याला. त्याच सकाळी मला दाखवत होता. 'बघा काकू, फुकटात! थंडी आहे, घालून टाकतो.' कुणाचा कोण जाणे..."

माझ्या हातातली बादली सुटली.

म्हणजे मी नाव घेतलं भावाचं, आणि कापड दाखवलं दुसऱ्याचं.

काल दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी पुन्हा घळीच्या तोंडाशी गेले. हाक मारली नाही. मारायची हिंमतच नव्हती. नुसती उभी राहिले.

आणि आतून, खूप आतून...

शीळ.

मग आवाज. माझ्याच घरातला आवाज.

"पाद्रीणबाई... थंडी वाजते गं..."

मी तोंडावर पदर दाबला.

"उद्या येते रे," मी म्हणाले. "तुझी टोपी घेऊन येते. आईने विणलेली. तुझीच. देवमातेची शपथ."

रात्रभर झोप नाही. फेर्मिनाकाकू म्हणतात, एका देहात दोघं राहत नाहीत. एक आला की दुसऱ्याला जावं लागतं. कुठे, ते त्यांनाही माहीत नाही.

आज पहाटेची माळ झाली. मग हे सगळं लिहून ठेवलं. ट्रंकेतून लोकरीची टोपी काढली, शालीत लपवली.

तो दारातच बसलाय. आत्ताच विचारलं त्याने.

"कुठे निघालात, बाई?"

"माझ्या भावाला आणायला."

तो उंबऱ्यावरून बाजूला सरकला. मला वाट करून दिली. चेहरा माझ्या देल्फिनचा, डोळे कुठल्यातरी आईच्या लेकराचे.

"मग मी कुठे जाऊ?"

मी टोपी शालीत आणखी आत सरकवली.

त्याच्यासाठीही एक प्रार्थना म्हणा, नाव माहीत नसलं तरी.

मी निघते.