अनोळखी आवाजाचं अनुपान

सानिका मगदूमला प्रत्येक गिऱ्हाइकाशी चारच वाक्यं बोलायची परवानगी होती. "ही गोळी तुमच्यासाठीच तयार केली आहे. माझ्यासमोर घ्या. वीस मिनिटांत दुखणं उतरू लागेल. उद्या याच वेळी या." पाचवं वाक्य बोलणं म्हणजे औषधात भेसळ. अशा भेसळीबद्दल औषधसेवा परिषद फार्मासिस्टची नोंदणी रद्द करू शकत असे.

मूळची ती भयंकर बडबडी. कॉलेजात तिला पुढच्या बाकावर बसवत, ते हुशारीसाठी नव्हे. आता बावन्नाव्या वर्षी ती सकाळी आठ ते दुपारी दोन काउंटरमागे उभी राही आणि तीच चार वाक्यं सत्तर वेळा म्हणे.

हे असं का झालं, ते सांगायला हवं. जुने वैद्य पुडी देताना सांगत, ही मधातून घ्या, ती तुपातून घ्या. औषधासोबत जे घ्यायचं ते अनुपान. आपला मेंदू स्वतःही वेदना शमवणारी द्रव्यं तयार करतो आणि कुणी ठामपणे 'बरं वाटेल' म्हटलं की ती पाझरतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पुढे ते अचूक मोजता येऊ लागलं. मज्जातंतूंच्या दुखण्यात गोळीचा निम्मा गुण सोबतच्या वाक्याचा असतो असं निघालं आणि त्या वाक्याला नाव मिळालं शब्दानुपान. यंत्राच्या आवाजाने काम होईना. ओळखीच्या माणसाच्या आवाजानेही होईना. बायकोने 'बरं वाटेल' म्हटलं की मेंदूला त्यात तिची काळजी ऐकू येते, कालचं भांडण ऐकू येतं, आणि द्रव्य पाझरायचं राहून जातं. अनोळखी माणसाचं बोलणं मात्र तो बिनतक्रार खरं धरतो. माणसाचा मेंदू असा विचित्र आहे, त्याला परिषद तरी काय करणार?

परिषदेने आचारसंहिता केली. फार्मासिस्टने परक्या गावी राहावं, नाव सांगू नये, ओळख वाढवू नये. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी दोन आकडे काउंटरच्या पडद्यावर पाठवी. एक दुखण्याचा, शून्य ते दहा. दुसरा परिचयांक, म्हणजे त्या रुग्णाच्या मेंदूला हा आवाज किती ओळखीचा झाला आहे त्याचं माप. तो चाळिसावर गेला की त्या आवाजाचा गुण संपला.

मिरजेत येऊन सानिकाला आठ महिने झाले होते. गावाने तिला वाईट वागवलं असं मुळीच नाही. उलट तिचा फार्मासिस्टचा पांढरा बिल्ला दिसला की माणसं अदबीने रस्ता ओलांडून पलीकडे जात. उद्या आपल्याला हिच्या आवाजाची गरज पडली तर? भाजीवाली भाव बोटांनी दाखवी. शेजारच्या घरी बारसं झालं तेव्हा घुगऱ्यांची वाटी दाराबाहेर ठेवलेली होती, वर झाकण घालून. ती वाटी घेऊन सानिका जिन्यातच बसली आणि रडली. एवढं प्रेम आणि एकही शब्द नाही, हे तिला सोसेना.

हर्षद आवटी तिच्याकडे पावसाळ्यापासून येत होते. वय एकाहत्तर. पूर्वी त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. डाव्या गालावर नागीण उठून गेली होती, पण नस पेटलेलीच राहिली. गालाला वारा लागला तरी ते कळवळत. जिल्ह्यातल्या एकोणीस आवाजांची चाचणी झाली आणि त्यांना गुण आला तो फक्त सानिकाच्या आवाजाने.

एके सकाळी गोळी गिळून ते हलेनातच.

"बाई, कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

सानिका गोळ्यांचा डबा बंद करू लागली.

"न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ द्या. मंडळी गेली, पोरगी लांब. दिसाला चार वाक्यं कानावर पडत्यात ती तुमचीच. म्हणून इचारलं."

तिने जीभ दाताखाली धरली होती. तरी शब्द निसटलाच. "कुरुंदवाड."

"आत्ता! मग वांगी खाल्ली असशील झकास." ते एका शब्दावर अहोवरून अगंवर आले, आणि सानिकाला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी तिने स्वतःचं हसू ऐकलं.

मग रोजचंच झालं. आवटी शेवटचे येऊ लागले, म्हणजे मागे रांग नसे. ते मोटारींच्या गमती सांगत. ती घाटावरच्या पुराच्या, आईच्या हाताच्या भरल्या वांग्यांच्या गोष्टी सांगे. परिचयांक बारा होता, तो एकोणीस झाला, मग सदतीस. दुखण्याचा आकडा दोनवर असायचा, तो चारवर आला. दोन्ही आकडे तिच्यासमोरच असत. अजून चाळीस कुठे झालेत, असं ती मनाला समजावी.

परिचयांक अडतीसवर गेला तेव्हा परिषदेच्या निरीक्षक डॉ. केतकी रेळे आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्हाला काढून टाकलं तर या गृहस्थांना दुसरा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून नोंदणी ठेवतेय. दोन महिने चार वाक्यांपलीकडे जाऊ नका. मेंदू विसरतो, आकडा उतरेल. मी दोन महिन्यांनी येऊन पाहीन."

शेजारच्या बाकावर बसलेल्या आवटींनी हे ऐकलं. "पण डॉक्टरीणबाई, ही बोलली की मला बरं वाटतं की."

"बरं वाटणं आणि दुखणं थांबणं, या दोन गोष्टी आहेत काका."

"आन् मी म्हटलं, दुखू दे, तर?"

"तर सकाळी पाणीसुद्धा तोंडात धरता येणार नाही. तेव्हा म्हणून बघा." रेळेबाईंचा सूर मऊ होता. "मगदूमबाई, तुम्ही यांच्यासाठी बोलत होता की स्वतःसाठी?"

या प्रश्नाचं उत्तर सानिकाला ठाऊक होतं.

पुढचे नऊ दिवस ती चार वाक्यंच बोलली. आवटी मान खाली घालून गोळी घेत आणि जात. परिचयांक चौतीसवर आला, दुखणं तीनवर. परिषदेकडून शाबासकीचा संदेशही आला. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून मोठ्याने बोलून बघायची, पण भिंतीशी किती वेळ बोलणार?

दहाव्या दिवशी पाचवं वाक्य तिच्याच तोंडून गेलं. "काका, रागावलात होय माझ्यावर?"

आवटींचे डोळे भरून आले. त्या दिवशी ते पाऊण तास बोलत बसले.

तीन आठवड्यांनी परिचयांक सत्तेचाळीस होता. परिषदेचे इशारे तिने उघडलेच नव्हते. आवटी नेहमीप्रमाणे शेवटी आले. डाव्या बाजूची दाढी वाढलेली, कारण वस्तरा लागणं शक्य नव्हतं. गालावरून मफलर. गोळी ठेवायला तोंड उघडताना त्यांचे डोळे गच्च मिटले. सानिकाने चार वाक्यं म्हटली. ती आता पाण्यासारखी होती, हे तिला कळत होतं.

वीस मिनिटं झाली.

"कसं वाटतंय काका?"

"झ्याक!" आवटी अर्ध्या तोंडाने हसले. "आजिबात दुखत न्हाई बघ. उगंच घाबरवत्यात ही परिषदेची माणसं. तू नको काळजी करू, बोल."

पडदा त्यांना दिसत नसे, तो फक्त तिच्या बाजूला. दुखण्याचा आकडा होता नऊ.

ते आपल्यासाठी खोटं बोलत होते हे सानिकाला लख्ख दिसलं. दोन महिने गप्प राहिली, तर हा माणूस पुन्हा दाढी करील, निवांत जेवील. त्यासाठी तिने काहीच करायचं नव्हतं, फक्त आत्ता वळून आत जायचं होतं. तीस वर्षं ती फार्मासिस्ट होती. आधी रुग्ण, मग आपण, ही शपथ तिने मनापासून घेतली होती.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी तिचा बिल्ला पाहून अदबीने पलीकडे गेलं.

सानिकाने पडद्यावर टॉवेल टाकला आणि स्टूल पुढे ओढलं.

"मग काका," ती म्हणाली, "आज स्वयंपाक काय केलात?"

आवटी गाल धरून सांगू लागले.