खिशात न मावणारा प्लेअर

लिफ्ट बंद पडली तेव्हा ती आत एकटीच दोन मजल्यांच्या मधोमध लटकली होती, आणि तिच्या हातात डॉक्टरांच्या चहाचा थर्मास होता.

दिवसभर लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, बाहेरून मशीनवर बारीकसा आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बोट वर करायला सांगायचं. दवाखान्यात सगळे तिला कानवाली म्हणायचे. तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं, कारण डॉक्टरांना लोक त्याहून वाईट काहीतरी म्हणायचे.

लिफ्टमधल्या जाळीतून खरखर आली. "घाबरू नका, मी पोचलोय. किती जण आहात आत?"

"मी एकटी. आणि चहा."

"चहा गरम आहे का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, निवला की माणूस चिडतो. चिडलेल्या माणसाला बाहेर काढणं अवघड जातं, म्हणून विचारलं."

तिला हसू आलं, पण लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईने इतक्या लवकर हसू नये म्हणून तिने ते दाबलं. "तुमचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा येतोय."

"तो माझा दोष नाही हो. या स्पीकरमध्ये दीड दमडीचा कपॅसिटर टाकलाय. माझा खरा आवाज बरा आहे."

"ते बाहेर आल्यावर ठरवू."

दार उघडलं तेव्हा वरच्या मजल्याची फरशी तिच्या छातीपर्यंत होती आणि फरशीवर गुडघे टेकून एक तरुण हात पुढे करून बसला होता. आधी त्याने थर्मास घेतला, मग तिला. आवाज खरंच बरा होता. नाकावर ग्रीसचा ठिपका होता, आणि गळ्यात छत्रीच्या कापडाची एक फुगलेली पिशवी लोंबत होती. त्या पिशवीतून एक वायर निघून थेट त्याच्या कानात गेली होती.

"हे काय आहे?" तिने दोन पावलं मागे सरकत विचारलं.

त्याने पिशवी उघडून दाखवली. आत गाणी ऐकायचा एक इवलासा प्लेअर होता, आणि त्याच्या पाठीवर रबरबँडने आवळून बांधलेली दोन जाडजूड निळी नळकांडी. प्लेअर अंगठ्याएवढा आणि नळकांडी त्याच्याहून मोठी. मुंगीने हत्ती पाठीवर घेतला होता.

"खिशात मावणारा प्लेअर," तो अभिमानाने म्हणाला.

"कुणाच्या खिशात?"

"म्हणजे... आधी मावायचा." तो थोडा ओशाळला. "कंपनीवाले आत स्वस्तातले कपॅसिटर घालतात. आवाजाचा जीवच जातो. मी ते काढून चांगले घालतो. चांगले असे नळकांड्याएवढे मोठे असतात, आत मावत नाहीत, म्हणून बाहेर राहतात. ऐका ना एकदा. ही बाई गायला लागायच्या आधी श्वास घेते, तो ऐका."

एक इअरफोन त्याच्या कानात, दुसरा तिच्या. वायर आखूड असल्यामुळे दोघांना बरंच जवळ उभं राहावं लागलं. गाणं सुरू झालं. तिला गाणं ऐकू आलं. चांगलं होतं. कुठल्याही प्लेअरवर चांगलं वाटलं असतं. श्वासबिस तिला काही ऐकू आला नाही, पण समोरचा माणूस डोळे मिटून, भुवया उंचावून, स्वतःचाच श्वास रोखून उभा होता, आणि असल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे झोपलेल्या बाळाला चिमटा काढायचा.

"हो," ती म्हणाली. "श्वास... अगदी स्पष्ट."

झालं. इथेच पाय घसरला.

त्यानंतर त्या इमारतीतल्या लिफ्टची तब्येत फारच नाजूक झाली. चालत होती व्यवस्थित, पण लिफ्टवाल्याला तिची काळजी वाटायची. दर थोड्या दिवसांनी तो तपासणीला यायचा, लिफ्टकडे एक नजर टाकायचा आणि दवाखान्यात येऊन बसायचा. "आज नवीन वायर घातली. चांदीची आहे." किंवा, "बॅटरी बदलली. ऐक, पोत आला ना आवाजाला?" ती ऐकायची आणि पोत आला म्हणायची. कधी तरी मधल्या मधे 'तुम्ही' गळून पडलं आणि 'तू' आलं, तेही दोघांच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांच्या मात्र आलं. "लिफ्टला काय असाध्य रोग झालाय का?" त्यांनी एकदा विचारलं.

"नियमित तपासणी चांगली असते, तुम्हीच सांगता," लिफ्टवाला म्हणाला.

एका रविवारी त्याने तिला घरी बोलावलं. घर म्हणजे दादा, वहिनी आणि स्वयंपाकघरातलं टेबल. दादा पेपर तोंडावर घेऊन पडलेला. टेबलाच्या अर्ध्या भागात भाजी, अर्ध्या भागात उघडे पडलेले प्लेअर, सोल्डरिंग आयर्न आणि तारांची भेंडोळी. मधून वहिनीने खडूने रेघ मारली होती.

"या, या," वहिनी म्हणाली. "म्हणजे तुम्हीच त्या कानवाल्या. बघा, माझा भुवया कोरायचा चिमटा भाऊजींनी पळवला. नेलपॉलिश तारांवर खुणा करायला संपवलं. परवा वरणात डाव फिरवतेय तर खाली काहीतरी कडक लागलं. काय निघावं? स्क्रू. आणि म्हणतात कसे, 'वहिनी, सापडला का, बरं झालं.'"

"वहिनी, पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसमोर नाही तर कुणासमोर सांगू? तुमचे दादा झोपलेत."

परीक्षा त्याने मोठ्या थाटात मांडली. बुटांच्या खोक्यात दोन प्लेअर ठेवले, पहिला जसाच्या तसा आणि दुसरा त्याने सुधारलेला. दोन्हींवर तेच गाणं. बाहेर एक खटका. तो टेबलाखालून खटका फिरवणार, तिने कान देऊन सांगायचं, आता वाजतोय तो पहिला की दुसरा.

तिच्या धंद्यातली पहिली शिकवण अशी की तपासणाऱ्याने आपला चेहरा दिसू द्यायचा नाही. दिसला तर माणूस आवाज ऐकत नाही, चेहरा वाचतो. ही गोष्ट तिला चांगली ठाऊक होती. आणि तरीही तो तिच्या अगदी समोर बसला, तेव्हा तिने 'तिकडे तोंड कर' म्हटलं नाही. का म्हणावं? रविवार होता आणि त्याने दाढी केली होती.

गाणं सुरू झालं. तिला दोन्ही प्लेअर सारखेच ऐकू येत होते. पण सुधारलेला लागला की त्याच्या भुवया आपोआप वर जायच्या आणि श्वास थांबायचा. साधा लागला की चेहरा पडायचा, जणू कुणी पंखा बंद केला.

"दुसरा," ती म्हणायची. "पहिला. परत पहिला. दुसरा."

एकही चुकला नाही. तो खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. वहिनी भाजी निवडायची थांबली.

"म्हणजे खरंच आहे काहीतरी यात?"

"वहिनी, ही रोज कान तपासते. हिचे कान म्हणजे शेवटचा शब्द." तो परत उठला. "इतकी वर्षं सगळे वेडा म्हणाले. आता ठरलं. उद्या राजीनामा देतो. लिफ्ट बास. प्लेअर सुधारायचं दुकान टाकतो."

ती घाईने उठली आणि निघते म्हणाली.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा वहिनीने हळूच तिचा हात धरला. "घरात दोन पगार आहेत म्हणून चाललंय हो. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. तुमच्या कानांवर विसंबून आहोत आम्ही."

ती जिना उतरली. कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिने स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. आपण गप्प बसलो तर तो आपल्यावर खूश राहील आणि वर्षभरात रस्त्यावर येईल. सांगितलं तर नोकरी वाचेल आणि आपण त्याच्या मनातून उतरू. तिला तो फार आवडत होता, हे तिने त्या पायरीवर पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, आणि तेही नेमकं अशा वेळी. मग ती उठली आणि परत जिना चढली.

"राजीनामा देऊ नकोस," दार उघडताच ती म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही. श्वास नाही, पोत नाही, काहीच नाही. आज मी कान दिलेच नव्हते. तुझा चेहरा बघून सांगत होते."

त्याने तिला आत घेतलं. तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः पाठ फिरवून बसला आणि खटका फिरवायला लागला. "सांग."

"पहिला?... दुसरा?... माहीत नाही रे." निम्म्याहून जास्त चुकलं. नाणं उडवलं असतं तर ते बरं निघालं असतं.

त्याने सोल्डरिंग आयर्नची पिन भिंतीतून काढली. "सगळे हसले तरी चालत होतं मला," तो म्हणाला. "तू तेवढी खरं बोलतेस असं वाटत होतं."

ती घरी गेली.

आणि मग ती लिफ्ट अशी काही ठणठणीत झाली की विचारू नका. एकदाही कुरकुरली नाही. शेवटी तिनेच तक्रार केली की लिफ्टमधून विचित्र आवाज येतो, तर कंपनीने दुसराच माणूस पाठवला. मिशाळ, साठीचा, कानात काही नसलेला. त्याने दोन तास लिफ्ट वरखाली केली आणि म्हणाला, "बाई, आवाज लिफ्टमध्ये नाही. तुमच्या डोक्यात असेल." डॉक्टर म्हणाले, "मलाही तेच वाटतं."

फोन तिने रोज हातात घेतला आणि रोज खाली ठेवला. जेवण जात नव्हतं. कानांची तपासणी करताना एका आजोबांना तिने दोनदा डावा कान तपासून परत पाठवलं.

एका दुपारी रिमझिम पावसात तो आला. ओला, पिशवीसकट. सरळ नाव नोंदवायच्या खिडकीशी जाऊन त्याने कान तपासायचे पैसे भरले आणि बाकावर इतर पेशंटांच्या रांगेत बसला. त्याची पाळी आल्यावर तो तिच्यासमोर उभा राहिला.

"राजीनामा दिला नाही," तो म्हणाला. "वहिनीने तुझ्या नावाने पेढे वाटायचेच बाकी ठेवलेत. पण मला एक कळायला हवं. मला फरक ऐकू येतो. खरंच येतो. का मीही माझाच चेहरा वाचत बसलोय? तपास."

"राग गेला का?"

"आधी तपास."

तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि या वेळी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. आत फक्त त्याची पाठ आणि ओली मान दिसत होती. तिने आवाज सोडायला सुरुवात केली. बोट वर. आवाज कमी केला. बोट वर. अजून कमी. ज्या आवाजाला धडधाकट पोरंही ढिम्म बसतात, तिथे त्याचं बोट वर गेलं. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. मधेच नुसतं बटण दाबल्यासारखं करून काहीच सोडलं नाही, तर बोट खालीच.

तिने स्वतःलाही हेडफोन लावले आणि माइक चालू केला. "आता शब्द. मी म्हणेन तो जसाच्या तसा परत म्हणायचा. दुसरं काही बोलायचं नाही. खिडकी."

"खिडकी," तिच्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. अगदी कानाशी.

"चमचा."

"चमचा."

ती प्रत्येक शब्दागणिक आवाज उतरवत गेली. वाटी. कपाट. रविवार. एकही सुटला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, कारण हा माणूस वेडा नव्हता. त्याचे कान खरे होते. त्याला तो श्वास खरोखर ऐकू येत होता, आणि जगातल्या बहुतेक लोकांना तो कधीच येणार नव्हता, म्हणून दुकान काही चाललं नसतं. पण ते वेगळं.

"तुझे कान असे आहेत की मी आजवर बघितले नाहीत," तिने माइकमध्ये सांगितलं. "फरक आहे. मला कळत नाही एवढंच."

भिंतीकडे वळलेली पाठ जरा सैल झाली. "फरक आहे," त्याने जसंच्या तसं म्हटलं, आणि मग बराच वेळ नाक ओढत बसला.

आता तपासणी संपली होती. पण तिचा हात बटणावरच होता. आवाज कमी करत तिने ते अगदी शेवटपर्यंत फिरवलं, जिथे तिने कुणाचीच तपासणी कधी केली नव्हती, कारण तिथून कुणाला ऐकू येत नाही. तिथून बोलायला भीती नव्हती. ऐकू आलं नाही तर नाही.

"मला तू फार आवडतोस," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. ग्रीससकट."

पाठ हलली नाही. काचेपलीकडे सगळं शांत. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. हरकत नाही, तिने स्वतःला समजावलं, आणि आवाज परत वाढवण्यासाठी बोट पुढे केलं... तेवढ्यात तिच्या हेडफोनमध्ये त्याने श्वास घेतला. अगदी स्पष्ट.

"मलाही तू," तो म्हणाला.

नियमाप्रमाणे हे उत्तर चूक होतं. सांगितलेलं जसंच्या तसं म्हणायचं असतं. कानवालीने बरोबरची खूण केली, हेडफोन काढून ठेवले आणि काचेचं दार उघडून आत गेली.