नवरीच्या उजव्या हाताची जागा

"मेहंदीला माझ्या उजव्या हाताला, आईच्या जागेवर, बहिजा मावशी बसेल. तू बसायचं नाहीस, मन्नूबिया!"

दलेंदा हे भर अंगणात, शेजारपाजारच्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली आणि लग्नाच्या जेवणासाठी कुसकुसचा रवा चोळणारे सगळे हात जागच्या जागी थबकले... कुणी मान खाली घातली, कुणी उगाचच पदराशी चाळा केला. मन्नूबियाच्या काळजात कट्यार फिरल्यासारखं झालं; पण ओठांवर मात्र तिचं नेहमीचं हसू आलं.

"बसू दे की! बहिजा माझ्या दुप्पट आहे, फोटोत जागा कशी भरलेली दिसेल!"

अंगण खदखदून हसलं. बहिजा मावशी तर सर्वांत मोठ्याने हसली. दलेंदा तेवढी हसली नाही.

सावत्र आई होऊन मन्नूबिया या घरात आली तेव्हा दलेंदा दुधाचे दात पडायच्या वयाची होती. आई जाऊन वर्ष झालेलं. नाबुल गावातल्या त्या घरात पहिल्याच संध्याकाळी लेकराने नव्या बाईसमोर उभं राहून विचारलं होतं, "माझ्या आईचे कपडे, तिचा आरसा, तिचे सगळे फोटो कुठे गेले? तू टाकायला लावलेस ना?"

दाराआड बाप उभा होता. अम्मार! मडकी घडवणारा, दोन माणसांचं काम एकट्याने उपसणारा गडी. पण बायकोच्या दुःखाने वेडापिसा होऊन, त्या वस्तू डोळ्यांना सोसवेनात म्हणून, त्यानेच एका दुपारी सगळं देऊन टाकलं होतं. आता त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढराफटक पडला होता. मन्नूबियाने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, लेकराच्या थरथरत्या हनुवटीकडे पाहिलं. आई तर गेलीच. आता बापावरही राग धरला, तर हे पोर रात्री कुणाच्या कुशीत निजेल?... परक्या बाईवरचा राग पेलायला सोपा!

"हो गं," ती म्हणाली होती. "मीच सांगितलं."

त्या एका वाक्याची किंमत ती आजवर चुकवत होती. दलेंदाने तिच्या हातचं खाल्लं, तिच्याकडून वेण्या घालून घेतल्या, तापात तिचाच हात घट्ट धरला. पण 'उम्मी', म्हणजे आई, अशी हाक कधी मारली नाही. नुसतं मन्नूबिया! सुरुवातीला ती चुलीशी बसून रडायची. मग रडता रडता कधीतरी तिला उमगलं, की पोर गुटगुटीत होतंय, हसतंय, बापाच्या खांद्यावर बसून बाजारात जातंय. आणखी काय हवं होतं? मनातली सल गेली नाही, पण तिच्या शेजारी हसायला भरपूर जागा झाली.

संध्याकाळी मेहंदीचा थाट मांडला. मन्नूबिया स्वयंपाकघरात बदामाच्या वड्या ताटात रचत गुणगुणत होती, तोच बाहेर एकच कालवा उठला. बायकांच्या बैठकीत चक्क अम्मार शिरला होता!

"अहो, लाज आहे का काही? बाहेर व्हा!" बहिजा ओरडली.

"जातो. बोलून जातो." त्याच्या नखांत अजून चिखल होता. "दलेंदा, तुझ्या आईच्या वस्तू मी दिल्या. मन्नूबियाने नाही. तिचा तेव्हा या घरात पायही पडला नव्हता... तिने माझा गुन्हा अंगावर घेतला आणि मी भेकड, गप्प राहिलो! सकाळचं ऐकलं आणि मला भाकरी गिळवेना, पोरी."

मन्नूबिया धावत बाहेर आली. "शुभ दिवशी कशाला हे उकरून काढता तुम्ही?"

दलेंदाच्या दोन्ही हातांवर ओली मेहंदी. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक गळतंय आणि पुसायला हात नाहीत! "किती खोटं बोललीस गं तू..." ती हुंदके देऊ लागली. "मी तुला किती छळलं! का सोसलंस?"

"सोसलं कुठे? तू वाढत होतीस, मी बघत होते." मन्नूबियाने आपल्या बाहीने तिचं नाक पुसलं. "रडू नकोस, काजळ ओघळलं तर नवरा घाबरून पळेल."

बहिजा मावशी कण्हत उठली. "ये बाई, बस तुझ्या जागेवर. माझे गुडघे केव्हाचे शिव्या देताहेत!"

सगळ्यांचे डोळे ओले झाले आणि सगळ्याच हसल्या. दलेंदा मन्नूबियाच्या कानाशी लागून कुजबुजली, "तुला ती हाक मारायला जाते, पण इतक्या वर्षांनी जीभच वळत नाही गं..."

"नको वळवूस. मन्नूबिया म्हटलंस तरी मी येतेच ना?"

आणि हे ती मनापासून म्हणाली. त्या क्षणी आपल्याला काहीच नको आहे, हे जाणवून तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. ढोल, गाड्यांचे भोंगे, बायकांचे हर्षाचे चीत्कार... गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचली न पोहोचली, तोच नवरीने खिडकीतून डोकं बाहेर काढून बोंब ठोकली,

"उम्मी! अगं उम्मी, माझी एक चप्पल आतच राहिली!"

मन्नूबिया चप्पल घेऊन वेड्यासारखी धावली, खिडकीतून ती आत ढकलली, "वेंधळी कुठली!" म्हणून चापट मारली. गाडी गेली. ती धापा टाकत परत फिरली, आणि दाराशी येऊन उंबऱ्यावर पाय ठेवताना एकदम थांबली.

"काय झालं?" अम्मारने विचारलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तिने मला काय हाक मारली, ऐकलंत?"